आमच्या मालकांचं लायसन

आमचं घर सणसरच्या रस्त्याला, अगदी स्पीडब्रेकरसमोर. हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यावर आदळतात आणि दोन-चार ऊस खाली सांडतात. गोळा करायला कुठं जावं लागत नाही, दारातच येऊन पडतात. किस्स्यांचंही तसंच! ट्रॅक्टरवाले चहाला माझ्या ओट्यावर टेकतात आणि उठून जाताना मागं काहीतरी येडेपणा सांडून जातात. मी चौथी शिकलेली बाई, लिहिणं हे काय माझं काम नव्हे. पण यंदा एवढा ढीग साचलाय, की दारातनं जायला-यायला वाट राहिली नाही.

आणि यंदाच्या ढिगात सगळ्यात वर बसलेत आमचे मालक. गाव त्यांना तात्या म्हणतं. मी काय म्हणते ते इथं लिहीत नाही.

*

आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांची एक रीत आहे. समोरनं ओळखीचा ट्रॅक्टर आला की थांबायचं नाही. थांबणं म्हणजे कमीपणा! चालत्या ट्रॅक्टरवरनं यानं हात बाहेर काढायचा, त्यानं हात बाहेर काढायचा, आणि तंबाखूची डबी या हातातनं त्या हातात द्यायची. ज्याला हे जमलं तो पक्का ड्रायव्हर. ज्याला जमत नाही त्याला चहाच्या टपरीवर बसायला जागासुद्धा कुणी देत नाही.

तर मालक कारखान्यावर ऊस खाली करून रिकामे येत होते आणि सुदाम भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चालला होता. सुदाम म्हणजे माझा चुलतदीर. दोघांनी हात काढले. डबी सुटली! कुठं पडली म्हणून मालकांनी मागं वळून बघितलं, तेवढ्यात ट्रॅक्टर डावीकडं गेला आणि कडेला उभ्या असलेल्या कोऱ्या करकरीत गाडीवर जाऊन बसला. गाडीवाल्याचं नशीब थोर. तो खाली उतरून उसाचा व्हिडिओ काढत होता. गाडीचं मागचं सगळं पत्र्याच्या डब्यासारखं चेपलं. माणूस पांढराफटक.

मालक खाली उतरले. आता माणूस काय विचारेल? “कुणाला लागलं का?” निदान “चुकलं वो दादा” तरी म्हणेल.

मालकांनी हाक मारली, “सुदाम, डबी घावली का रं?”

*

पोलीस स्टेशनला मी डबा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलंय. हवालदारांनी गुन्ह्याचा मजकूर वाचून दाखवला. “हयगयीने व अविचाराने वाहन चालवून...”

एवढा वेळ मालक मान खाली घालून बसले होते. ‘हयगय’ ऐकल्यावर असे ताठ झाले, जसं काय कुणी घराण्याला शिवी दिली.

“हयगय? मी? सायेब, एका हातानं चालवत हुतो मी! मागं दोन ट्रॉल्या! हयगय करणाऱ्याला एका हातानं जमतंय व्हय?”

हवालदारांनी शांतपणे पेन उचललं. “एका हातानं. बरं झालं सांगितलं. हे राहिलंच होतं लिहायचं.”

*

मग बारामतीच्या आरटीओची नोटीस आली. तुमचं लायसन काही महिने बंद का करू नये, ते समक्ष येऊन सांगा.

आता हसणं बाजूला ठेवून सांगते. हंगाम नुकताच सुरू झालेला. आमचं वर्षाचं पीठ-मीठ त्या ट्रॅक्टरच्या चाकावर आहे. तो दारात उभा राहिला तर चूल कशी पेटायची, याचा विचार घरात मी एकटीच करत होते. कारण मालकांना ट्रॅक्टर सोडून दुसरं काही येत नाही. ट्रॅक्टर तरी येतो, असं मी म्हणणार नाही.

नोटीस बघायला सगळी ड्रायव्हर मंडळी ओट्यावर जमली. दुसऱ्याची नोटीस वाचताना माणसाला आपलं लायसन आठवतं. ज्यानं त्यानं खिसे चाचपले. एकाचं दोन वर्षांपूर्वीच संपलेलं. एकाचं नुसतं मोटारसायकलचं, आणि गडी ओढतोय दोन ट्रॉल्या! सुदाम मात्र निवांत पाय पसरून चहा पीत होता.

म्हटलं, “सुदामभावजी, तुमचं दाखवा की.”

“माझं निघालंच न्हाय, वैनी.”

“आन् तुमी खुशाल बसलाय?”

“मग! माझं कोण बंद करणार?”

*

आमच्या आळीत नामदेवआबा आहेत. कोर्टकचेरीतलं आपल्याला कळतं, असं त्यांनी स्वतःच एकदा जाहीर केलं. तेव्हापासून गाव त्यांना विचारायला जातं, आणि न विचारता ते गावाकडं येतात. ते आले, खाटेवर बसले, म्हणाले, “आधी घटना समजून घेतली पायजे. घडलं तसं करून दावा.”

ट्रॅक्टर अंगणात आणता येईना, म्हणून दोन सायकली आणल्या. एकीवर मालक, दुसरीवर सुदाम. गाडीच्या जागी माझं पाण्याचं पिंप ठेवलं. मी ओरडले, “अहो, रिकामी पाटी ठेवा की!” पण बाईचं ऐकलं तर तपास कच्चा राहतो ना! दोघं आमनेसामने सुटले, हात काढले, डबी दिली. डबी पोचली बरं का! या वेळी दोघं एवढे खूश झाले, की एकमेकांकडं बघून हसत हसत मालक पिंपावर गेले आणि सुदाम शेरडीवर. पिंप फुटलं. अंगणभर पाणी. शेरडी दावं तोडून थेट शाळेपर्यंत पळाली.

ज्या अंगणात आम्ही दोन लग्नांचे मांडव घातले, त्या अंगणाकडं आबांनी मान डोलवत बघितलं.

“आलं ध्यानात,” म्हणाले. “रस्ता अरुंद हाय.”

*

आबांचा दुसरा सल्ला याच्या वरचढ. “तात्या, जाताना पायाला पट्टी बांध. जरा लंगडत जा. मानसाला दया येती.”

मालकांनी लगेच सराव सुरू केला. ओट्यापासून गोठ्यापर्यंत लंगडायचं आणि परत यायचं. जाताना उजवा पाय, येताना डावा! मी भाकऱ्या थापता थापता बघत होते. शेवटी राहवलं नाही.

“आबा, लंगडा मानूस ब्रेक कसा दाबतो, असं सायबानं इचारलं तर काय सांगायचं?”

आबांनी मिशीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, “तात्या, हाताला बांध.”

*

सुनावणी जवळ आली तशी मालकांना सुबुद्धी सुचली. “आता असं चालवतो, की सगळा तालुका साक्ष देईल.” आणि खरंच ट्रॅक्टर असा चालवायला लागले, की जसं काय ट्रॉलीत ऊस नाही, बाळंतीण झोपलीय. गाणी बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागं ट्रॅक्टरांची ही रांग! हॉर्न, शिव्या, सगळं. सुदामनं मागनं फोन करून विचारलं, “तात्या, डिझेल संपलं का तुमी?”

आमची कोंडाबाई, सत्तरीची म्हातारी, डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन कडेनं चालली होती. ती मालकांच्या ट्रॅक्टरला गाठून पुढं गेली. जरा अंतर गेल्यावर थांबली, भाऱ्यासकट मागं वळली आणि म्हणाली,

“तात्या, कारखान्यात कुनाला काय निरोप हाय का? मी चाललीया म्होरं.”

दुसऱ्या दिवशी मालक गाणी लावून, कानाला फोन लावून, भरधाव माझ्या दारातनं गेले. स्पीडब्रेकरवर इतका ऊस सांडला, की शेरडीनं दोन दिवस दुसरं काही खाल्लं नाही.

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळी मंडळी माझ्याभोवती जमली. आबांना कुठनं तरी कळलं होतं, की तिथं बाईसाहेब आहेत.

“सूनबाई, तू चल. बाईमानसाचं बाईमानूस ऐकतं. येकच वाक्य बोलायचं. आमचे मालक लई जपून चालवत्यात. बास!”

“आन् रडायचं,” सुदाम म्हणाला.

“मी रडत नसते.”

“मग पदर तरी डोळ्याला लाव, वैनी!”

मालक कोपऱ्यात बसून टाचेची भेग नखानं खरवडत होते. रोज ट्रॅक्टरवर बसून राजासारखा मिरवणारा माणूस, पण तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, “येवढं बोल. हंगाम गेला तर मी करू काय?”

मी आयुष्यात कुणाची खोटी तारीफ केली नाही. माझ्या लग्नात नवरा कसा आहे विचारलं, तेव्हासुद्धा “बघू” म्हणाले होते. पण घर माझंही आहे. म्हटलं, बोलते. रात्रभर ते एक वाक्य तोंडात घोळवत राहिले, कडू काढा गिळवत नाही तसं.

*

बारामतीला ऑफिसात आम्ही दोघं मॅडमपुढं उभे राहिलो. मॅडम आमच्या भाचीच्या वयाच्या, पण नजर अशी, की मालकांनी हाताची पट्टी दारातच सोडून खिशात घातली.

मॅडमनी सगळं वाचलं. मालकांना विचारलं, “चूक मान्य आहे?”

“व्हय, मॅडम. परत न्हाय व्हनार.” दोन्ही हात जोडलेले. निदान तिथं तरी दोन्ही हात वापरले.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. “मावशी, तुम्हाला काय सांगायचंय?”

मी दम घेतला. आणि बोलले! एका दमात, न अडखळता. “मॅडम, आमचे मालक लई जपून चालवत्यात.”

वर आणखी जोडलं, “हंगामाचे दिवस हायती. पोटावर मारू नका.” हे मात्र खरं होतं, म्हणून ते जास्त चांगलं आलं. पदर लावायच्या आधीच डोळ्यात पाणी आलं माझ्या.

मॅडमचा चेहरा जरा सैल पडला. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मालकांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की लग्नापासून तसं कधी बघितलं नव्हतं. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला.

“बसा मावशी. उन्हातनं आलात. सणसरवरनं मोटारसायकलवर यायचं म्हणजे कंबर जात असेल नाही तुमची?”

“न्हाय वो मॅडम,” मी पाणी पिता पिता म्हणाले. “मोटारसायकलवर हे येकटेच आले. मी एसटीनं आले.”

“का बरं? बरोबर नाही बसलात?”

“आमची म्हस माझ्याबिगर कुनालाच धार काढू देत न्हाय. मला सांजच्याला घरी पोचाया पायजे.”

 मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मोटारसायकल झाडाखाली उभी होती. मालकांनी खिशातनं किल्ली काढली, तिच्याकडं बघितलं, परत खिशात ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

“सणसरची एसटी कितीला हाय?”