कच्चा टाका

माझी थोरली बहीण दोन कामं मन लावून करते: शिवणं आणि घाबरणं. आमचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, दोन मशीन आणि कापायचं लांब टेबल. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावताना ताईचा हात कधी चुकत नाही, पण स्वतःच्या अंगाला ती टेप लावूच देत नसे. अंगाने चांगलीच जाड. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि पाळी लहर लागली तर यायची, नाहीतर महिनोन्महिने पत्ता नसायचा.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "तुमचे बीजांडकोश काही बंद पडलेले नाहीत. चरबी फार झाली की शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि बीज सुटायचं राहून जातं. थोडं वजन उतरलं तरी पुष्कळदा ते पुन्हा कामाला लागतात. सगळ्यांचेच लागतात असं नाही, पण करून बघा."

ताईने मनावर घेतलं. साखर सुटली, जिने चढणं सुरू झालं. भाऊजी तिच्याबरोबर फिरायला जायचे आणि तिच्या आधी दमायचे. हळूहळू कपडे ढगळ झाले. तिने शिवणी आत घेतल्या, पण आतलं जादा कापड काही कापेना. "परत वाढले तर?" हे एकच पालुपद.

मग पाळी आली. पुढच्या महिन्यातही आली, अगदी वेळेवर. तेव्हा मीच तिच्या हातात कात्री दिली.

"काप आता. किती दिवस भीतीला अस्तर लावून हिंडणार आहेस?"

तिने निळ्या ड्रेसच्या दोन्ही बाजूंचं कापड कापलं आणि पट्ट्या चिंध्यांच्या पेटीत टाकल्या. त्यानंतर पाळी पुन्हा चुकली.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. त्यात निळा ड्रेस छातीत आवळायला लागला, कमरेचा हुक लागेना. "आलं परत," ती म्हणाली. "कापायला नको होतं गं." कापड कापलं म्हणून वजन परत आलं, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. दुपारचा डबा ती उघडेना आणि जिने मात्र दुप्पट चढायला लागली. मी ओरडले, भाऊजींनी हातापाया पडून पाहिलं, बाई ढिम्म. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिला घेरी आली आणि डोकं टेबलावर आदळलं. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिला शिव्या घालत होते आणि तिचा हात काही सोडत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी लघवी तपासायला दिली. मग म्हणाल्या, "तुम्हाला दिवस गेलेत."

"बाटली दुसऱ्या कुणाची तरी असेल," ताई म्हणाली.

सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळा ठिपका दिसला. "वजन परत आलेलं नाही, दिवस गेले की सुरुवातीला अंग असं फुगतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बीज सुटायला लागलं म्हणूनच तर हे झालं. पण अजून फार लवकर आहे, ठोका दिसत नाही. पंधरा दिवसांनी या. आणि उपाशी राहणं आजपासून बंद."

"मी जेवले नाही, त्याचं काय? त्याला काही झालं असेल का?"

"तेवढ्याने सहसा काही होत नाही. पण ठोका दिसेपर्यंत मी कशाचीच खात्री देणार नाही."

दुकानात परत आल्यावर तिने डबा उघडला. घास हातात, पण तोंडापर्यंत जाईना. जन्मभर कमी खा, कमी खा ऐकलेली बाई, ती आता खायलाही भीत होती आणि न खायलाही. "गीळ," मी म्हटलं. तिने गिळला. रडत रडत सगळा डबा संपवला.

मग तिने चिंध्यांची पेटी उपडी केली, निळ्या पट्ट्या शोधून काढल्या आणि ड्रेसच्या बाजू उसवल्या. एका बाजूला पट्टी लावून हाताने लांब लांब टाके घालायला लागली.

"मशीन मार की. हे दोन दिवसही टिकायचं नाही."

"कच्चाच असू दे," ती मान वर न करता म्हणाली. "ठोका दिसला की मशीन मारू. नाही दिसला तर उसवायला सोपं जाईल."

एरवी मी लगेच टोमणा मारला असता. त्या दिवशी मी दुसऱ्या बाजूची पट्टी घेतली. सुईत दोरा ओवला, आणि मीही कच्चाच टाका घातला.