बिनखिळ्याची खुर्ची

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात कोन दुभागायला शिकवत होते. त्यांच्या मुलाने तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मी तास पुरा केला आणि मग अंथुर्ण्याला निघाले. लगेच निघायचं धाडस नव्हतं, हेच खरं.

तात्या अंथुर्ण्याचे सुतार. खिळा न मारता खुर्ची उभी करणारा दुसरा माणूस आमच्या बारामती-इंदापुरात मला भेटला नाही. मी बारामतीला गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर हे काम शिकायची हुक्की आली आणि पुढची दोन वर्षं दर रविवारी माझी स्कूटर त्यांच्या दारात. पहिले चार महिने खुर्चीचं नावच नाही. एका लाकडाला पटाशीने खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तिच्यात घट्ट बसेल असं कापायचं. फसलेला तुकडा तात्यांच्या बायकोच्या, काकूंच्या चुलीत. "बाई, आज दोन भाकरीपुरतंच सरपण झालं. सुधारलात की!" असं काकू हसून म्हणायच्या. खुर्चीचे मागचे पाय कलते, त्यामुळे तिथली खाच काटकोनात नसते. मी त्याचा हिशेब मांडून नेला. तात्यांनी वही बाजूला सारली, मला बाकावर टेकून बसवलं आणि पाठीमागे फळी धरून पेन्सिलीने रेघ मारली. "कोन वहीत मावतो बाई, मानसाची पाठ न्हाय मावत."

अशा माणसाच्या घरात बसायला प्लॅस्टिकची खुर्ची! स्वतः जन्मभर जमिनीवर बसून काम केलेलं. गुडघे गेले, हात कापू लागले, तेव्हा मी ठरवलं, यांची खुर्ची मीच करणार. सागाची केली. पण मागच्या डाव्या पायाची खाच केसभर सैल झाली. नवा पाय करायचा म्हणजे आणखी महिना... मी लाकडाचा भुसा गोंदात कालवला, फट बुजवली आणि वरून घासून घेतलं. तात्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "बसायला बरी हाय," एवढंच म्हणाले. पुढे परीक्षा, पेपर, सुट्टी अशी कारणं सापडत गेली. खरं कारण लाज. चार महिने मी तिकडे फिरकले नाही. मग तो फोन.

तेराव्यानंतर काकूंनी सांगितलं, "ह्यांना पयल्याच दिशी कळलं हुतं. उन्हाळ्यात खुर्ची वाजाय लागली, तर पोरगं खिळा घिऊन आलं. ह्यांनी हात धरला. म्हनले, खिळा न्हाय मारायचा. बाई येतील, त्याच पाय बदलतील. तवर उजवीकडं रेलून बसायचं."

मी तिथेच रडले. त्यांनी माझी वाट पाहिली आणि मी तोंड लपवत बसले, याची क्षमा कुणाकडे मागायची?

खुर्ची घरी आणली, सांधा उकलला, पाय नव्याने केला. तिसऱ्या खेपेला जमला. गेल्या रविवारी ती ओसरीवर नेऊन ठेवली. काकू बसल्या, त्याही उजवीकडं रेलून.

"आता डावीकडं रेला, काकू."

त्या रेलल्या, हलून पाहिलं. खुर्ची वाजली नाही.

"ह्यांनी एकदा तरी नीट टेकून बसायला पायजे हुतं," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.