न वाचलेला शेवट

काल नातीने वहीच्या पुठ्ठ्यासाठी मैद्याची खळ शिजवली, आणि त्या वासाने मी पनवेलच्या वसतिगृहातल्या वाचनालयात पोहोचलो. तिथे फाटकी पुस्तकं चिकटवणं हे माझं काम होतं. दहा वर्षांची सुगंधा समोर बसली होती. आईबाप वारलेले, एक मावशी कुठेतरी आहे एवढंच तिला ठाऊक. हातात कादंबरी होती, दुष्काळात आपली माणसं शोधणाऱ्या अनाथ मुलीची. शेवटची पानं गळालेली.

"काका, तिला मावशी गावली का?"

मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. "गावली की. खाडीकाठी," खळ ढवळत मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळी ती दिसेना. मी कुणाला न सांगता खाडीकडे धावलो. खिशात मोबाइल वाजत होता, वसतिगृहातूनच असणार; उचलायचं धैर्य नव्हतं. भरती चढत होती. सुगंधा कमरेपर्यंत चिखलात रुतलेली, पुस्तक डोक्यावर धरलेलं. मी काठावरच उभा राहिलो. एका कोळणीने फळी टाकून तिला ओढून काढलं.

"तुमची हाय का पोर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

वसतिगृहात अधीक्षकांनी दरडावलं, "खाडीवर जायला कुणी सांगितलं?"

"मला काही माहीत नाही," मीच आधी बोललो.

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. "कोनी नाय," ती म्हणाली, आणि तिने छड्या खाल्ल्या.

तेव्हा नोकरी वाचली म्हणून मला हायसं वाटलं होतं. आज लिहून ठेवतो, तिला खाडीवर मी पाठवलं. ते पुस्तक मी अजूनही वाचलेलं नाही.