सुगंधाबाईचे पाय

सुगंधाबाईच्या पायांवर बसलं नाही असं पोर त्या गावात शोधून सापडलं नसतं. सावली गावाकडच्या धानपट्ट्यातलं गाव, तळ्याच्या पाळीला टेकलेली मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, आणि त्यातल्या शेवटच्या घरात ही बाई. रोवण्याला, कापणीला निघालेल्या बाया आपली पोरं तिच्या ओसरीवर सोडून जायच्या. ती भिंतीला पाठ लावून पाय लांब करायची, दोन्ही पावलं जुळवून त्यावर पोराला उकिडवं बसवायची, तोंडानं शूऽऽ करायची. बसलेलं पोर काम उरकूनच उठायचं.

घाई करायची नाही, हे तिचं पहिलं सांगणं. पोर धड चालायला लागलं, आपलं आपण बसून उठायला लागलं, लंगोट ओला झाला की तोंड वाकडं करायला लागलं, म्हणजे त्याला पायांवरून उतरवायचं. सकाळी उठल्यावर आणि जेवण झाल्यावर घरामागच्या वाडीच्या कुंपणाशी न्यायचं, रोज त्याच जागी. चुकलं तर हात उगारायचा नाही. एखादी नवी आई आपलं तान्हं पोर केव्हाचंच शिकलं म्हणून मिरवायला लागली, की सुगंधाबाई तिला म्हणायची, पोरगं नाही शिकलं बाई, तूच शिकलीस त्याचं तोंड पाहून धावायला.

दोन गोष्टींत मात्र ती भारी कडक होती. सारवलेल्या घरात घाण करायची नाही, आणि धुतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. तिथंच बसून ‘झाली’ म्हणून हाक मारायची, मग मोठं माणूस पाण्याचा गडवा घेऊन येतं. एवढं अंगवळणी पडलं की पोर सुटलं. या कामात कोणी शहाणपण शिकवलेलं तिला अजिबात खपत नसे. आणि नातू चैतू तर तिनं स्वतः घडवलेला. अडीच वर्षांचं पोरगं, कोणाला न विचारता कुंपणाशी जायचं आणि तिथून राजासारखी हाक मारायचं. म्हातारीची छाती फुगायची.

पहिली निवडणूक होऊन गेली, त्याच्या पुढच्या साली धान पिवळा पडायच्या वेळेस गावात बिबट शिरला. आधी कुत्री दिसेनाशी झाली, मग कोणाच्या कोठ्यातली बकरी गेली, आणि मग शेजारच्या गावातली एक लहान पोरगी. संध्याकाळी बांधाआड बसली होती बिचारी. बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, असं लोक म्हणाले. दिवस कलला की दारं लागायला लागली.

त्या पोरीची खबर आली त्याच दिवशी सून कमळा फुटक्या मडक्याचं खापर घेऊन आली, त्यात चुलीतली राख घातली आणि कोपऱ्यात ठेवलं. धान कापून होईस्तोवर चैतू घरातच बसेल, असं तिचं म्हणणं. सुगंधाबाई भडकलीच. इतक्या मेहनतीनं शिकवलं ते काय मोडायला? आज खापरात बसला, उद्या चुलीजवळ बसेल! कमळा एरवी सासूपुढे तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र ती हलली नाही.

“बाई, शिकवणं मागून होते,” ती म्हणाली. “पोरगा पह्यले पायजे.”

खापर कोपऱ्यातच राहिलं. पण चैतू ऐकेना. घरात घाण करायची नाही, हे आजीनंच त्याच्या हाडीमाशी भिनवलेलं. खापरावर बसवलं की ओठ घट्ट मिटायचा आणि उठायचा. पोट दगडासारखं व्हायचं, पण पठ्ठ्या दाबून धरायचा. कमळाच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि खरं सांगायचं तर सुगंधाबाईला आतून बरंच वाटायचं. भर उन्हाची ती त्याला गुपचूप कुंपणाशी नेऊन आणायची.

एक दिवस तेही जमलं नाही. कमळा कापणीला गेलेली, मुलगा इसरू तळ्यात जाळं टाकून बसलेला. चैतू सकाळपासून तसाच होता. ऊन उतरलं. सुगंधाबाई चूल फुंकायला वळली, मागच्या दाराची कडी घालायची राहिली, आणि मान वर करते तर पोरगं घरात नाही.

ती दारात धावली. चैतू कुंपणाशी आपल्या जागेवर बसला होता. कुंपणापलीकडे उभा धान. वारा नव्हता, तरी एका जागी धान हलला. मग लोंब्यांमध्ये दोन कान दिसले.

ओरडावं तर जनावर उसळेल. तिनं हळूच हाक मारली, “बाबू, उठ. इकडे ये.”

चैतूनं मान वळवली. “नाई. धुवून दे पह्यले.”

ती पुन्हा म्हणाली, ये रे माझ्या राजा. तो बसूनच राहिला. तिनं शिकवलेलं त्यानं सोडलं नाही, आणि त्या क्षणी तिला आपल्याच जिभेचा राग आला.

ओट्यावर गडवा होता. तो तिनं उचलला. कमरेत वाकलेली बाई, पण होती नव्हती तेवढी ताठ उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पसरला, आणि रोजच्यासारखी पावलं टाकत निघाली. धावली नाही. नजर धानावर. कान तिथेच होते, आता डोळेही दिसत होते.

“झाली का रे बाबू?” तिनं विचारलं.

“झाली,” चैतू म्हणाला आणि शहाण्यासारखा उठून उभा राहिला.

तिनं गडवा टाकला, त्याला छातीशी घेतला आणि धानाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत दार गाठलं. कडी घातली. बाहेर कुंपणाच्या काड्या करकरल्या, मग गडवा घरंगळल्याचा आवाज आला. चैतू रडत होता. भीतीनं नव्हे, धुतलं नाही म्हणून. तिनं घागर ओढली आणि सारवलेल्या घराच्या मधोमध त्याला धुतलं. जमीन चिखल झाली.

कमळा माणसांच्या जथ्यासोबत परतली तेव्हा ओल्या जमिनीवर सुगंधाबाई भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, जुळवलेल्या पावलांपुढे खापर, आणि पावलांवर चैतू, गुडघे हनुवटीला टेकलेले. दिवसभर दाबून धरलेलं, त्याला पुन्हा लागली होती. आता मावत नव्हता तो तिथं. ती तोंडानं शूऽऽ करत होती.

“राख आण आणखी,” ती सुनेला म्हणाली. “तुहं खरं होतं.”

थोड्या वेळानं चैतूनं हाक मारली, झाली. सुगंधाबाई उठायला गेली, पण पायांत जोर नव्हता. कमळानंच लोटाभर पाणी आणलं.