बावीस आकड्यांचं घड्याळ

घड्याळमास्तरांचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत ते बसले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहूनच बोलायचं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी शेकडो घड्याळं खोलली होती. पण अक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, आणून दिलेल्या पितळी वस्तूने मात्र त्यांची मती गुंग केली.

दाजींना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी कधीकाळी भंगारबाजारातून तशा दोन वस्तू आणल्या, घासूनपुसून चकचकीत केल्या आणि शोकेसमध्ये मांडल्या. कुणी विचारलं तर एकाला सांगत जहाजावरचं घड्याळ, दुसऱ्याला सांगत दुर्बिणीचा भाग. अक्काचं म्हणणं एवढंच, की घड्याळ असेल तर चालू करून दे.

मुठीत मावेल एवढा जड शंकू. त्याच्या कमरेला कडं, कड्यावर शून्यापासून बावीसपर्यंत आकडे, शेजारी एक बाण. काटे नाहीत, किल्ली नाही. कानाशी धरून हलवलं तर आत चिडीचूप. बारा तासांचं घड्याळ असतं, चोवीसचं असतं. बावीस तासांचा दिवस कुठे असतो ते मास्तरांना कळेना. अकरा दिवस ते त्याच्या मागे लागले. तेल सोडलं, पकडीत आवळून कडं फिरवलं. ते थोडं फिरलं आणि अडलं. जेवताना बायको काही विचारायची, हे नुसतं "हं" म्हणायचे.

बाराव्या दिवशी एक निवृत्त सुभेदार घड्याळाचा पट्टा बदलायला आले. त्यांची उमेदीची वर्षं तोफखान्यात गेलेली. मास्तरांच्या हातातली वस्तू दिसताच ते दोन पावलं मागे सरले.

"मास्तर, ते हळूच खाली ठेवा. फ्यूज आहे तो."

मास्तरांनी वर बघितलं. दिवा तर चालू होता.

"विजेचा नव्हे. तोफगोळ्याच्या टोकावर बसवतात तो. कडं फिरवून सेकंद लावायचे, तेवढे सरले की गोळा हवेतच फुटतो."

"मग हा उडालाय की नाही?"

"तेच बाहेरून सांगता येत नाही."

सुभेदारांनी पोलिसांना फोन केला आणि दुकानापाशी कुणाला फिरकू दिलं नाही. मास्तर धावतपळत अक्काकडे गेले. शोकेस रिकामी. दुसरा फ्यूज स्वयंपाकघरात, अक्काच्या हातात. ती त्याने आलं ठेचत होती. कित्येक वर्षं ठेचत होती म्हणे; वजन छान बसतं. मास्तरांनी तिला दंडाला धरून अंगणात आणलं. फ्यूजचं कळल्यावर ती म्हणाली, मग वायरमनला बोलव, मला कशाला बाहेर काढतोस? 

पोलिसांनी दोन्ही फ्यूज वाळूच्या पेटीतून नेले. तीन आठवड्यांनी एक शिपाई दुकानात आला, एक फ्यूज आणि एक कागद घेऊन. हा आतून पोकळ, निर्धोक. दुसऱ्यात दारू निघाली, तो नष्ट केला. मास्तरांनी विचारलं, नष्ट केला तो कुठला, माझ्या दुकानातला की स्वयंपाकघरातला? शिपायाने कागद उलटसुलट करून पाहिला. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

अक्काला बोलावून घेतलं. तिने तो हातात तोलला आणि म्हणाली, "माझाच हा."

"कशावरून? दोन्ही एकाच साच्यातले होते. आणि तपासात हा खोलून घासलाय, खूणही उरली नाही."

"यांनीच मला दिला होता आलं ठेचायला. दोन्ही उचलून पाहिले आणि म्हणाले, तू हा घे. दुसऱ्याला हात लावू नको."

म्हणजे दाजींना माहीत होतं? माहीत होतं तर दुसरा घरात ठेवला कशाला? की सहजच म्हणाले असतील? दाजींच्या बोलण्यावर भरवसा ठेवावा, तर त्यांनी जहाजाचंही सांगितलं होतं. आणि भरवसा ठेवला, तर मग अकरा दिवस पकडीत आवळला तो कुठला?

अक्काने फ्यूज पिशवीत टाकला आणि निघाली. मास्तर तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेले. एरवी तिची पिशवी तेच घ्यायचे. आज ती तिच्याच हातात राहिली, आणि ते दुसऱ्या बाजूने चालले.