आट्यांत रुतलेला प्लग

"मिठागरातला माणूस तो. त्याच्या हातात इंजिन दिलं की असंच व्हायचं."

शेजारचे काका हे बाबांना म्हणाले. आवाज हळू होता, पण ताडपत्रीखाली वाकलेल्या मिस्त्रींना ऐकू जाईल इतपत मोठा. मिस्त्रींनी मान वर केली नाही. त्यांच्या हातातल्या पान्यात आमच्या स्कूटरच्या प्लगचा वरचा भाग होता, पांढऱ्या चिनी मातीसकट तुटून आलेला. खालचा आट्यांचा भाग इंजिनाच्या हेडमध्येच राहिला होता.

मी स्कूटरच्या पलीकडे उभी होते. घरापासून तिथपर्यंत बाबांनी हँडल धरलं होतं आणि मी मागून ढकललं होतं. तेवढंच माझं काम होतं, तरी मी निघून गेले नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. वाशीत आमच्या सेक्टरसमोर अजून मोकळं माळरान होतं आणि पलीकडे खाडी. मिस्त्री तिथल्याच एका जुन्या गावचे. त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची मिठागरं नव्या शहरात गेली, तेव्हा मेहुण्याच्या होडीच्या मशीनवर ते काम शिकले आणि वर्षभरापूर्वी रस्त्याकडेला ताडपत्री टाकून बसले. आमच्या बिल्डिंगमध्ये सहा स्कूटर होत्या. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी पहिल्यांदा आपली गाडी मिस्त्रींकडे नेली, म्हणून बाकीच्या पाच आल्या. बाबा नाही म्हणाले असते तर त्या पाचही नाक्यावरच्या मोठ्या गॅरेजात गेल्या असत्या, आणि मिस्त्रींकडे उरल्या असत्या पंक्चरच्या सायकली. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"गणपतीच्या आधी तुम्हीच बसवला होता ना हा प्लग?" काकांनी आता उघडच विचारलं. "इतका कशाला आवळायचा, मिस्त्री? मीठ भरायची गोणी आहे का ती?"

"मी हातानी बसवून वरून पाव फेरा देतो, साहेब. जास्ती नाय."

"मग तुटला कसा?"

तो प्लग कसा तुटला, ते तिथे फक्त मला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईने पूजेची तांब्या-पितळेची भांडी माझ्यापुढे टाकली होती. चिंचेचा कोळ, मीठ, नारळाची शेंडी. बाबा कामावर जाताना म्हणाले होते, "उद्या गाडीची पूजा आहे, जरा पुसून ठेव. सगळं लखलखीत पाहिजे." भांडी झाल्यावर मी खाली जाऊन स्कूटर धुतली. तरी समाधान होईना. मिस्त्री यायच्या आधी बाबा रविवारी स्वतः प्लग काढून पॉलिशपेपरने घासत, ते मी अनेकदा गॅलरीतून पाहिलं होतं. डिकीत पाना होता. मी प्लग काढला. तो काळाकुट्ट होता. घरातल्या सगळ्या काळ्या वस्तूंवर जो उपाय, तोच मी त्याच्यावर केला. चिंच, मीठ, शेंडी. आटेसुद्धा सोन्यासारखे होईपर्यंत घासले, नळाखाली धरला, उन्हात ठेवला, परत बसवला. सैल राहू नये म्हणून पान्याच्या दांड्यावर चक्क पाय देऊन उभी राहिले.

दसऱ्याला स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. चाकाखाली लिंबू चिरडून बाबांनी एक फेरी मारली आणि मी मनातल्या मनात खूश झाले. कुणाला सांगितलं नाही. मुलीने इंजिनाला हात लावला यावर कुणीतरी काहीतरी बोललंच असतं, आणि उत्तर देणं मला कधीच जमत नसे. दुसऱ्या दिवशी कंपनीने बाबांना तीन आठवड्यांसाठी नागपूरला पाठवलं. झेंडूचा हार हँडलवर वाळत गेला आणि आत काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही. बाबा परतले तेव्हा गाडी सुरूच होईना.

मिस्त्रींनी तुटका तुकडा उजेडात धरला. त्याच्याबरोबर एक-दोन आटे आले होते, त्यांवर पांढरट थर होता. त्यांनी तो नखाने खरवडला आणि नख जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले.

काका हसले. "घ्या! आता खाडीच्या हवेवर ढकला."

"हवा समद्या गाड्यांना लागते, साहेब. तुमच्या गाडीचा प्लग मी परवाच काढला, लोन्यासारखा आला." मग बाबांकडे वळून, "कोनी मिठाचं पानी-बिनी लावलं व्हतं का?"

"छे. मी इथे नव्हतोच," बाबा म्हणाले.

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं, पण ते इंग्रजीत तयार होतं. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत. घरात चार माणसांपुरतं मराठी होतं. बिल्डिंगमध्ये नवीन असताना एकदा मी "मी आंघोळ घेतली" म्हणाले होते, तेव्हा याच काकांनी "कुठून घेतली, रेशनच्या दुकानातून?" असं विचारलं होतं. तेव्हापासून काकांसमोर मी मान हलवण्यावर भागवत असे. त्या दिवशी मानही हलवली नाही.

मिस्त्री कामाला लागले. चार नट सोडवून त्यांनी अख्खं हेडच उतरवलं. "तुकडा आत पडला तर पिस्टन खाऊन टाकील," ते बाबांना म्हणाले. हेडच्या भोकात ती आट्यांची कडी घट्ट बसली होती. त्यांनी तिच्याभोवती रॉकेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. मग मागे वळून बायकोला म्हणाले, "स्टो दे जरा."

बायको चहाचं आधण ठेवून बसली होती. तिने पातेलं उतरवलं आणि त्या जागी आमच्या इंजिनाचं हेड ठेवलं.

"आता ह्योच शिजवा. कोथमीर घालू का वरून?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. "बस ना गो बाय, उभी कशाला?"

मी तिथल्या एका उलट्या डब्यावर बसले. हेड ॲल्युमिनियमचं, कडी लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं हे मी फिजिक्सच्या परीक्षेत पानभर लिहिलं होतं. ते असं रॉकेलच्या स्टोव्हवर बघितलं नव्हतं. मिस्त्री थुंकीचा थेंब टाकून ताप बघत होते. बेताचा झाल्यावर त्यांनी हेड फडक्यात धरून वाईसच्या जबड्यात घट्ट अडकवलं, एका जुन्या कानशीचं चौकोनी निमुळतं शेपूट कडीत ठेवलं आणि हातोडीने हलके ठोके दिले. ते शेपूट कडीत रुतून बसलं. त्याच्यावर पाना.

मला वाटलं आता जोर लावतील. त्यांनी लावला नाही. केसभर उलट फिरवलं, परत केसभर सुलट आणलं. रॉकेल. पुन्हा उलट, पुन्हा सुलट. कपाळावरचा घाम पुसायलाही हात सोडला नाही. काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण तेही जागचे हलले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक करकर ऐकू आली.

"आली," मिस्त्रींची बायको म्हणाली. तिने हातातला कप खालीच ठेवला होता.

कडी एकेक आटा सोडत वर आली. हेडचे आटे शाबूत होते. मिस्त्रींनी ते ब्रशने झाडले, नव्या प्लगला ग्रीसचा पुसट हात लावला आणि बोटांनी फिरवत फिरवत आत बसवला. अर्ध्या तासात हेड जागेवर गेलं. वरून पाव फेरा. माझ्या डोळ्यांसमोर, फक्त पाव फेरा.

पुढे मी तीच स्कूटर तुर्भ्याला नोकरीला नेत असे. इतक्या वर्षांत प्लग शेकडो वेळा काढला-घातला असेल. प्रत्येक वेळी हात त्या पाव फेऱ्यापाशी थांबतो.

त्या दिवशी तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. निळा धूर रस्त्यावर पसरला आणि बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

काका मात्र म्हणाले, "चला, सुटलो. पण आता नाक्यावरच्या गॅरेजातच जायचं. संध्याकाळी मीटिंग आहेच, मी सगळ्यांना सांगून टाकतो. काय सेक्रेटरी?"

"बघू," बाबा म्हणाले.

बाबांचं 'बघू' मला माहीत होतं. माझ्या सहलींना, माझ्या सायकलला त्यांनी 'बघू' म्हटलं होतं. त्याचा अर्थ ठरलेला असे.

मिस्त्रींनाही तो कळला असावा. ते फडक्याने हत्यारं पुसून एकेक जागेवर ठेवू लागले. त्यांच्या पेटीवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं. शेवटी राहिली ती कडी. ती त्यांनी फेकली नाही. मी टक लावून बघत होते म्हणून असेल, माझ्या तळहातावर ठेवली.

"बघ बाय, कशी खाल्लीय."

ती आता गार झाली होती. आट्यांमध्ये पांढरा थर. एका ठिकाणी त्यात तांबूस, केसासारखा धागा अडकलेला होता. नारळाच्या शेंडीचा.

बाबांनी स्कूटर वळवली. मी मागे बसणार म्हणून ते थांबले होते. काका पुढे चालू लागले होते. मी डब्यावरून उठले, आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मला चक्क ओरडावं लागलं.

"काका, थांबा! बाबा, यांनी काही केलं नाही. पूजेच्या आधी तो प्लग मी चिंच-मीठ लावून घासला होता, आणि पान्यावर पाय देऊन मीच आवळला होता."