माहेर नावाचा प्रांत

माझं पोट चुका काढण्यावर चालतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे अडखळतं ते शोधायचं, हे माझं काम. नवऱ्याचं म्हणणं असं की ऑफिसातून निघताना मी लॅपटॉप बंद करते, पण स्वभाव चालूच राहतो. त्यामुळे सहावीतल्या लेकीने शाळेचा प्रोजेक्ट माझ्यापुढे आणून ठेवला, ते तिने जरा धाडसच केलं.

प्रोजेक्ट होता एक देश बनवण्याचा. खोटा, परीकथेतला चालेल, ड्रॅगन असले तर उत्तमच. पण त्याचा नकाशा हवा, प्रांत हवेत, आणि प्रत्येक नावापुढे ते नाव का पडलं हे लिहायला हवं. लेकीने पहिल्या फटक्यात केलेली नावं झार्थॉक, क्वेलमूर अशी होती. एकात तर मधेच ॲपॉस्ट्रॉफी होता.

"ही गावं आहेत की ॲलर्जीच्या गोळ्या?" मी म्हटलं.

"आई, फॅन्टसी आहे. फॅन्टसीत नेम्स वीअर्डच असतात."

"पण क्वेलमूर म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. साउंड्स कूल."

हे मला पटेना. आमच्याकडे गावाला उगाच नाव पडत नाही, असं मी तिला सांगू लागले. वड होता म्हणून वडगाव, पिंपळ होता म्हणून पिंपळगाव. एकाच नावाची दोन गावं शेजारी शेजारी झाली की थोरलं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. हे तिला फारच आवडलं. आम्ही राहतो त्या फ्रीमाँट शहराच्या पोटात नेवार्क नावाचं छोटं शहर आहे, त्याचं तिने तिथल्या तिथे 'फ्रीमाँट खुर्द' करून टाकलं. मराठी शाळेला जाताना फ्रीवेवरच्या प्रत्येक पाटीला ती खुर्द-बुद्रुक लावत बसली. मी खूष होते. घरात मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर येतं, ते मी आता मनाला लावून घेत नाही असं लोकांना सांगते. खरं तर लावून घेते. त्यामुळे तिच्या देशात मराठी नावं येणार याचा मला झालेला आनंद जरा जास्तच होता.

त्या दिवसांत घरात दुसरंही एक प्रकरण अडून बसलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जायचं की नाही, हे मी ठरवत नव्हते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. ती गेली तेव्हा मी धावत गेले, तेराव्यापर्यंत राहिले, परत आले. त्यानंतर आई-बाबांच्या नाशिकच्या फ्लॅटचं दार उघडून आत जायची कल्पनाच मला सहन होईना. नवरा अधूनमधून विचारायचा, "तिकिटांचं काय करायचं? बुक करू का?" मी म्हणायचे, "बघू." तिथे बाबा होते. एकटेच होते, भाऊ बंगळूरला असतो. पण बाबांना भेटायला जायचं, हे वाक्य माझ्या डोक्यात नीट बसतच नव्हतं.

बाबांशी माझं भांडण नव्हतं. ते अबोल आहेत, एवढंच. फोन उचलायचे, म्हणायचे, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." एवढ्यावर आमचं बापलेकीचं नातं कित्येक वर्षं सुखाने चाललं होतं. मग आई शेजारच्यांच्या सुनेपासून कुंडीतल्या कढीलिंबापर्यंत सगळं सांगायची आणि मागून बाबांच्या पेपरची पानं उलटल्याचा आवाज यायचा. ती गेल्यावर एकदा त्यांनी सवयीने "थांब, आईला देतो" म्हटलं, आणि मग घाईने फोन ठेवून दिला. तेव्हापासून आमचे फोन 'जेवलात का' आणि 'हो' यांच्या पलीकडे जात नव्हते. एका मैत्रिणीपाशी मी बोलूनही दाखवलं होतं, की आई गेली आणि माझं माहेर संपलं. सगळ्याच बायका असं म्हणतात. लेक तेव्हा समोरच बसून रंगीत पेन्सिलींना टोक काढत होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

आठवड्याभराने तिने नकाशा दाखवला. देशाचं नाव होतं 'तिकडे'.

मला हसू आलं, पण नाव अगदी बरोबर होतं. आमच्या घरात भारताला भारत कोणी म्हणत नाही. तिकडे आत्ता किती वाजले, तिकडे उकाडा सुरू झाला का, तिकडे असलं काही चालत नाही, असंच सगळं. तिने कानावर पडलेलं लिहिलं होतं. डावीकडे 'पुण्या' नावाचा प्रांत होता.

"पुण्या नाही गं, पुणे."

"पुणे वेगळं आहे. पुणे इज व्हेअर काका लिव्ह्ज. पुण्या इज व्हेअर यू अँड डॅड वेंट टू कॉलेज."

नवरा सोफ्यावर खो खो हसायला लागला. चूक तिची नव्हती. पुण्याला होतो, पुण्यात भेटलो, पुण्याहून निघालो. कॉलेजच्या गोष्टी सांगताना आम्ही 'पुणे' असा सरळ शब्द कधी काढलाच नव्हता. मी तिला सामान्यरूप समजावायला बसले. प्रत्यय लागला की नाव बदलतं, पुणेचं पुण्या होतं, साताराचं साताऱ्या.

"म्हणजे तिथे जायचं म्हटलं की नेम चेंज होतं?"

"जायचं म्हटलं की. किंवा तिथून यायचं म्हटलं की."

"पण व्हाय?"

त्याचं उत्तर व्याकरणात असेलही, मला येत नव्हतं. पण भाषेने हे बरोबर पकडलंय असं मला वाटलं. नुसतं दुरून नाव घेतलं तर गाव जसंच्या तसं असतं. जायच्या-यायच्या गोष्टी निघाल्या की ते तसं राहत नाही. लेकीने यातून एक नियमच काढला. तिच्या देशात प्रवासी वेशीशी पोचला की गावाचं नाव बदलतं, असं तिने लिहून टाकलं. मी 'पुण्या' खोडायला लावलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

उजवीकडे समुद्रालगत 'आजोळ' होतं. तिथे रस्ते होते, विमानतळ होता, आईसक्रीमचं दुकान होतं. आणि अगदी वर, डोंगरांच्या रांगेमागे, 'माहेर' होतं. त्याला रस्ता नव्हता. एकही घर नव्हतं. सगळा प्रांत करड्या पेन्सिलीने भरून काढला होता.

"अगं, आजोळ आणि माहेर एकच," मी म्हटलं. "तुझं आजोळ तेच माझं माहेर. नाशिकचा फ्लॅट. एका घराचे तू दोन प्रांत केलेस."

"सेम कसं असेल?" ती म्हणाली. "आजोळ ओपन आहे. माहेर संपलं ना? तूच म्हणालीस."

मला राग आला. तिचा नाही, नेमका कोणाचा ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच काढला. मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये म्हटलं. ती म्हणाली, चोरून नाही, मी समोरच होते. तेही खरंच होतं. मग मी कणीक मळायची आहे असं सांगून किचनकडे वळले आणि म्हटलं, आता नावांचं काय ते आजोबांना विचार.

आमच्याकडे सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. तिने खरंच फोन लावला. टॅबलेट फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला आणि नकाशा त्यापुढे धरला. बाबांनी चष्मा शोधून आणला. ते मराठीत बोलत होते, ती तिच्या धेडगुजरीत, आणि दोघांचं कुठे काही अडत नव्हतं. ड्रॅगन कोणत्या प्रांतात राहतो, खातो काय, त्याचा गावकऱ्यांना त्रास होतो का, हे बाबांनी गंभीरपणे विचारून घेतलं. माझ्याशी दोन वाक्यांत आटपणारा माणूस ड्रॅगनच्या जेवणाची चौकशी करत होता. मला असूया वाटली, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी विचारलं, "आणि हे वर काय आहे, करडं करडं?"

"ते माहेर. तिथे कोणी जाऊ शकत नाही."

"का बरं?"

"बिकॉज आजी गेली. सो ते संपलं. आई म्हणाली."

माझे हात कणकेत होते. जाऊन टॅबलेट बंद करावा असं वाटलं. निदान लाइन तरी जावी, असं मनात आलं.

"अगं, मी राहतो की तिथे," बाबा म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. चुकून दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या पाहुण्याला सांगावं, तसं साधं सांगितलं. पुरुषाला माहेर नसतं, तो शब्द बायकांचा. बाबांनी उभ्या जन्मात आपल्या घराला माहेर म्हटलं नसेल. आणि मीही त्या शब्दात त्यांना कधी धरलं नव्हतं. माहेर म्हणजे आई. बाबा तिथे असतात, पेपर वाचतात, इतकंच. जे संपलं, संपलं असं मी वर्षभर म्हणत होते, तिथे एक माणूस रोज उठून स्वतःपुरता कुकर लावत होता. मला रडू आलं ते आईच्या आठवणीने नाही, त्या कुकरच्या विचाराने आलं.

लेकीपुढे वेगळाच पेच होता. "ओह. तुम्ही तिथे राहता? मग मला हाउस काढायला लागेल." पेन्सिल चालल्याचा आवाज आला. "आणि रोड? रोड काढू का?"

"कोणी येणार असेल तर काढ," बाबा म्हणाले. "नाहीतर उगाच कशाला."

मी हात न धुताच गेले आणि लेकीच्या खांद्यावरून स्क्रीनपुढे वाकले. "बाबा, शाळेला सुट्टी लागली की येतोय आम्ही. तिकिटं आज काढतोय." नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"ये," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "पण आईसारखं माझ्याच्यानं काही व्हायचं नाही हं. आधीच सांगतो."

"नाही झालं तर नाही," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे येतेय, बाबा."